हळद चाखलेला पाचतोंड्या

मित्रांनो, मी एक जुना कार्ड रीडर आहे. नाव ऐकून लगेच नाक मुरडू नका. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला कधी पाहिलंही नसेल, आणि त्यात तुमचा दोष नाही. मी काळ्या प्लास्टिकचा, साबणाच्या वडीएवढा, चपटा. पुढच्या अंगाला मला पाच फटी आहेत आणि मागे शेपटीसारखी एक वायर. शेपटी कॉम्प्युटरला लावायची, कॅमेऱ्यातलं किंवा मोबाइलमधलं कार्ड माझ्या फटीत सरकवायचं, की त्या कार्डात साठवलेले फोटो, गाणी, व्हिडिओ समोर दिसू लागतात. माझ्या अंगावर एक बारीक लाल दिवा आहे. तो लागला की समजायचं, कार्ड आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलू लागले आहेत.

आता थोडा रुबाब दाखवतो, राग मानू नका. नागावच्या 'रचना फोटो स्टुडिओ'त माझ्याइतकी वर्षं टिकलेली दुसरी एकही विजेवर चालणारी वस्तू नाही. कॉम्प्युटर आले आणि गेले, प्रिंटर आले आणि गेले, पंखासुद्धा बदलला. मी मात्र आहे. माझ्या मालकांनी, म्हणजे अजितदादांनी, मला नाव दिलं होतं 'पाचतोंड्या'. हे नाव मी मोठ्या अभिमानाने मिरवतो.

माझा जन्म चीनमधल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुली लांबच लांब टेबलाशी बसलेल्या असत. एकीने माझ्या पोटात हिरवी पट्टी बसवली, दुसरीने बारीक पिना ओळीने लावल्या, तिसरीने झाकण दाबलं आणि चौथीने माझी परीक्षा घेतली. माझा दिवा पहिल्याच फटक्यात लागला. शेजारच्याचा लागला नाही, त्याला बाजूच्या टोपलीत टाकलं. तेव्हापासूनच मला वाटत आलंय की आपण जरा वेगळे आहोत.

मुंबईच्या बाजारातून अजितदादांनी मला विकत घेतलं आणि लाँचने मांडव्याला आणलं. माझी पहिली सफर समुद्रावरूनच झाली. खारा वारा पहिल्यांदा अंगाला लागला तो तिथे. पुढे हाच वारा माझा जन्मभराचा वैरी ठरणार होता, कारण समुद्राकाठी पिनांना गंज चढायला वेळ लागत नाही. पण त्या दिवशी मात्र तो मला फार आवडला होता.

मला आणायचं कारणही सांगतो. त्या काळात प्रत्येक कंपनीची चूल वेगळी होती. एका कॅमेऱ्याचं कार्ड काडेपेटीसारखं रुंद आणि जाड. दुसऱ्याचं च्युइंगमच्या पट्टीसारखं लांबुडकं. तिसऱ्याचं मोठ्या टपाल तिकिटाएवढं, एक कोपरा कापलेलं. चौथं त्याहून लहान आणि पातळ, त्याला एक्सडी म्हणत. मोबाइलचं तर करंगळीच्या नखाएवढं. एकाचं दुसऱ्यात काही केल्या जायचं नाही. गिऱ्हाईक कुठलं कार्ड घेऊन येईल याचा नेम नसे, आणि त्याची वायर सापडेपर्यंत अजितदादांना घाम फुटे. मी आलो आणि तो सगळा गुंता एका दिवसात सुटला. कुठलंही कार्ड आणा, माझं एक ना एक तोंड त्याच्यासाठी उघडं होतं.

अजितदादा शाळेत शिपाई होते. सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी स्टुडिओ चालवत. स्टुडिओला त्यांनी लेकीचं नाव दिलं होतं. रचना तेव्हा शाळकरी होती, दप्तर टाकून आधी माझ्यापाशी यायची आणि दिवा लागतो का ते बघायची.

आणि काय सांगू, मित्रांनो, ते दिवसच वेगळे होते! भीमजयंतीच्या मिरवणुकीचे फोटो माझ्यातून गेले, थळच्या कोळ्यांच्या नारळी पौर्णिमेचे गेले, शाळांच्या गॅदरिंगचे, बारशांचे, क्रिकेटच्या सामन्यांचे गेले. किनाऱ्यावर आलेले पाहुणे बनाना बोटीवरून पाण्यात पडत आणि ओला कॅमेरा घेऊन रडवेल्या चेहऱ्याने आमच्याकडे येत. अजितदादा कार्ड काढून, पुसून, वाळवून माझ्या तोंडात देत. दिवा लागला की पाहुण्यांचा जीव भांड्यात पडे. "अहो, तुमचं हे यंत्र भारी आहे," असं म्हणणारे कितीतरी लोक मी ऐकलेत. अजितदादा तेव्हा माझ्या पाठीवरून अंगठा फिरवत. ती माझी शाबासकी.

एक मात्र खरं, माझ्या चौथ्या तोंडाला फारसं खायला मिळत नसे. एक्सडी कार्डं फार कमी लोकांकडे होती. बाकीची तोंडं दिवसभर कामात आणि हे आपलं आ वासून बसलेलं. मला त्याची थोडी लाजच वाटायची. अजितदादांच्या खिशातल्या छोट्या कॅमेऱ्याचं कार्ड तेवढं त्या तोंडात यायचं, आणि तेही कधीमधी.

आता त्या कार्डाची गोष्ट ऐका, कारण माझी खरी कहाणी तिथेच आहे.

खाडीपलीकडच्या एका मिठागरवाल्यांच्या गावातली क्रांती नावाची मुलगी नागावात दिली. त्या लग्नाच्या फोटोंचं काम आमच्याकडे आलं. क्रांतीची आई मैनाबाय. ही त्या गावची धवलारीण. म्हणजे काय, तर तिकडच्या लग्नात हळदीपासूनची सगळी गाणी, ज्यांना धवले म्हणतात, ती म्हणणारी मानाची बाई. ती गायला बसल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. मैनाबायच्या धवल्यात एक गोष्ट अशी होती जी दुसऱ्या कुठल्याही धवलारणीकडे नव्हती. देवांना आवतण देऊन झालं की ती आपल्या मिठागरालाही लग्नाचं आवतण द्यायची. मीठ पिकणाऱ्या एकेका वाफ्याचं नाव घेऊन, तो कुणी बांधला, त्यात कुणी पाय भाजून घेतले, हे सगळं गात गात. हे तिच्या सासूने तिला दिलं होतं आणि सासूला तिच्या सासूने.

अजितदादांना ते ऐकून राहवलं नाही. त्यांनी छोटा कॅमेरा मांडवाच्या खांबाला बांधला आणि अख्खा धवला टिपून घेतला. दुसऱ्या दिवशी ते कार्ड माझ्या चौथ्या तोंडात आलं. पुढे फोटो न्यायला मैनाबाय स्वतः स्टुडिओत आली, तेव्हा अजितदादांनी तिला कॉम्प्युटरवर तो व्हिडिओ लावून दाखवला. मैनाबाय खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत राहिली. मग एकदम म्हणाली, "ह्यो माजाच आवाज व्हय?"

"तुमचाच, मैनाकाकी," अजितदादा हसून म्हणाले.

"मंग हितं काय करतंय? धवला काय दुकानात ठेवायची वस्तू हाय? माजा हाय तो, मना दे."

अजितदादांनी समजवायचा प्रयत्न केला, पण ती हटून बसली. शेवटी त्यांनी ते कार्डच तिच्या हातावर ठेवलं. व्हिडिओ कॉम्प्युटरमध्ये उतरवलेला होता, त्यामुळे त्यांना काळजी नव्हती. फक्त एवढंच म्हणाले, "पाण्यापासून जपा हं, काकी."

"पान्याचं मना नको सांगू. सगला जलम खाडीत गेला माजा. हलदीच्या डब्यात ठेवतंय. तिथं पान्याचा थेंब न्हाय जात."

अजितदादांना ते पटलं. मलाही पटलं. हळदीच्या डब्यात पाणी जात नाही, हे अगदी खरं होतं. पदराच्या गाठीत कार्ड बांधून मैनाबाय निघून गेली आणि माझं चौथं तोंड पुन्हा रिकामं झालं.

पुढची वर्षं माझ्या उताराची. आधी च्युइंगमच्या पट्टीसारखं कार्ड बाजारातून गेलं, मग काडेपेटीसारखं. मोबाइलांनी आपल्या पोटातच एवढी जागा केली की नखाएवढ्या कार्डाचीही गरज उरली नाही. काही मोबाइलांनी तर कार्डाची फटच बुजवून टाकली. फोटो वाऱ्यावरून जाऊ लागले. ना वायर, ना दिवा. माझ्या शेपटीचं चपटं टोकही जुनं झालं. नव्या लॅपटॉपांना बारीक, गोलसर भोकं, टाइप-सी म्हणतात ती. त्यात माझी शेपटी शिरतच नाही. अजितदादा नोकरीतून निवृत्त झाले, पाठ दुखू लागली, ते दुकानाबाहेरच्या बाकावर बसू लागले. स्टुडिओ रचनाने हातात घेतला. ती कॅमेरा हातात धरते तेव्हा अगदी बापासारखी दिसते. पण तिच्याकडे नवा, बोटाएवढा चकचकीत रीडर आला आणि मी जुन्या वायरींबरोबर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेलो.

खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. ज्याने गावाचे आनंद इकडून तिकडे पोचवले, त्याला तुटक्या चार्जरांच्या शेजारी झोपायला लागावं! पण त्याच डब्याने मला वाचवलं. निसर्ग वादळ आलं तेव्हा स्टुडिओचे पत्रे उडाले, पाऊस थेट आत आला, जुना कॉम्प्युटर पाण्यात गेला आणि त्यातलं सगळं पुसलं गेलं. सीडी चिखलात चिकटून एक झाल्या. रचना ओल्या अल्बमांच्या ढिगात बसून रडली. माझ्या डब्याचं झाकण मात्र घट्ट होतं. बाहेर काय काय गेलं ते मला नंतर कळलं, आणि त्यात मैनाबायचा धवलाही होता.

मग यंदाच्या उन्हाळ्यात एका दुपारी दुकानात एक मुलगी आली. तिचा आवाज मी डब्यातून ऐकला; जे दिसलं नाही ते नंतर रचनाच्या बोलण्यातून कळलं.

"रचनाताई तुम्हीच ना? मी प्राप्ती. मैनाबायची नात. तुमच्या पप्पांनी माझ्या क्रांतीआत्याच्या लग्नाचं शूटिंग केलं होतं."

रचनाने तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. प्राप्तीने पिशवीतून पितळेचा एक छोटा डबा काढला आणि ती सगळं सांगू लागली. गेल्या पावसाळ्यानंतर मैनाबायला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. आता पुढच्या महिन्यात प्राप्तीच्या भावाचं, निकेतचं लग्न होतं. मैनाबायने अख्ख्या पंचक्रोशीची लग्नं गाऊन लावली आणि स्वतःच्या नातवाच्या हळदीला मात्र ती मुकी बसणार होती.

"शेजारच्या गावची धवलारीण येते बोलली," प्राप्ती म्हणाली. "बाकीचे धवले मला पण येतात, आजीच्या मागे म्हणून म्हणून शिकले. पण मिठागराचं आवतण तिला येत नाही, मला येत नाही, कोणालाच येत नाही. ते आजी एकटीच म्हणायची. बाबा बोलतात, राहू दे, डीजे लावू. पण आजी रोज हा डबा माझ्यापुढे सरकवते. बोलता येत नाही ना, नुसती डोळ्यांनी सांगते. ताई, अलिबागला दोन दुकानं फिरले. एकजण बोलला, असलं कार्ड मी जन्मात बघितलं नाही. दुसऱ्याने घालून बघितलं, तर जातच नाही कशात."

रचनाने डबा उघडून कार्ड हातात घेतलं आणि तिचा चेहरा उतरला. "हे आता कुठेच चालत नाही गं. आणि आमच्या कॉम्प्युटरमधलं वादळात गेलं."

प्राप्तीने कार्ड परत घेतलं. डब्याचं झाकण लावायला लागली. माझा जीव तिळतिळ तुटत होता. अगं, मी इथे आहे! बिस्किटांच्या डब्यात, तुझ्या डाव्या हाताच्या फळीवर! पण मित्रांनो, पाच तोंडं असूनही मला आवाज नाही.

तेवढ्यात बाहेरच्या बाकावरून अजितदादांचा आवाज आला. "रचना, पाचतोंड्या कुठाय आपला?"

झाकण निघालं, उजेड आला. रचनाने मला वायरींच्या गुंत्यातून सोडवलं, शर्टाच्या बाहीने पुसलं. माझी शेपटी लॅपटॉपला लागेना, तेव्हा तिने एक पिटुकला जोड शोधला. त्याच्या एका बाजूला माझ्यासारख्या म्हाताऱ्यासाठी जागा आणि दुसऱ्या बाजूला नवं टोक. आधी मला थोडं अपमानास्पद वाटलं. दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभं राहायची मला सवय नव्हती. पण अंगात वीज आली आणि राग कुठल्या कुठे पळाला.

रचनाने कार्ड माझ्या चौथ्या तोंडात सरकवलं. सगळे माझ्या दिव्याकडे बघत होते.

दिवा एकदा चमकला आणि विझला. लॅपटॉपवर एक चौकट उमटली. हे कार्ड वापरायचं तर आधी फॉरमॅट करायला हवं, करू का, असं ती विचारत होती.

"हो म्हणा ना, ताई!" प्राप्ती उतावीळपणे म्हणाली. तिला वाटलं, हो म्हटलं की उघडेल. पण फॉरमॅट करणं म्हणजे पाटी ओल्या फडक्याने पुसणं. एक बटण दाबलं असतं तर मैनाबायचा धवला माझ्या तोंडातच संपला असता. मी गारठलो. रचनाचं बोट बटणाजवळ गेलं आणि तिने 'नाही' दाबलं.

"हे कधीच हो म्हणायचं नसतं," ती म्हणाली. "कार्ड वाचता आलं नाही की हा असं विचारतो. वाचता का येत नाहीये ते बघू."

मला मात्र कारण कळलं होतं. कार्ड तोंडात आल्याबरोबर मला एक चव लागली होती. समुद्राची नाही, गंजाची नाही. इतक्या वर्षांत कुठल्याच कार्डाला तशी चव नव्हती. रचनाने कार्ड बाहेर काढलं, उलटं केलं आणि तिच्या बोटाला पिवळं लागलं.

"ही हळद?" तिने विचारलं.

प्राप्ती म्हणाली, "ती असणारच ना. आजी प्रत्येक लग्नाला गायला बसायच्या आधी हळद लावायची त्याला. देवाच्या सुपारीला लावतात तशी. धवला त्याच्यात हाय बोलायची."

"पण ह्या बाजूला?"

"सोन्याची बाजू म्हणजे तोंड ना त्याचं? मग तोंडालाच लावणार."

अजितदादा बाकावरून उठून आत आले होते. ते पाठ धरून हसायला लागले. मग रचना हसली आणि डोळे पुसत पुसत प्राप्तीही हसली. त्या सोनेरी रेघांवरूनच तर कार्डातला मजकूर माझ्या पिनांपर्यंत येतो. मैनाबायने इतकी वर्षं प्रत्येक लग्नात त्यांच्यावर तेल-हळदीचं बोट ओढलं होतं. थरावर थर चढले होते. पाण्यापासून तिने कार्ड असं जपलं की गंजाचा ठिपका नव्हता, आणि मायेनेच त्याचं तोंड बंद करून टाकलं होतं.

रचनाने खोडरबर घेतलं. दुकानातलं, नवं कोरं. अगदी हलक्या हाताने तिने एकेक रेघ घासली, मग कापसाने पुसली. माझ्या तोंडातही हळदीचे कण गेले होते, ते बारीक ब्रशने काढले. मला गुदगुल्या झाल्या, पण मी हललो नाही.

कार्ड पुन्हा आत आलं. आता माझी पाळी होती. खाऱ्या वाऱ्याने माझ्या चौथ्या तोंडातली एक पिन सैल झाली होती, ती थरथरत होती हे मला जाणवत होतं. एवढी वर्षं ज्या तोंडाची मला लाज वाटली, त्याच तोंडाने मी ते कार्ड घट्ट धरलं. सगळी ताकद त्या एका पिनेत आणली.

दिवा लागला, आणि लागलेलाच राहिला!

"आधी बघू नकोस," अजितदादा म्हणाले, "आधी उतरवून घे. लॅपटॉपमध्ये एक, तिच्या मोबाइलमध्ये एक, आणि पेन ड्राइव्हवर एक." लॅपटॉपच्या पडद्यावर हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. पट्टी पूर्ण झाली तेव्हाच मी श्वास सोडला.

मग व्हिडिओ लागला. चित्र लहानसं, दाणेदार. मांडव, हळदीचं ताट, बायकांची गर्दी. आणि सगळ्यात आधी मैनाबायचा खणखणीत आवाज: "पोरांनो, गप बसा रं, न्हायतर एकेकाला खाडीत टाकीन!" मग धवला सुरू झाला. तिच्या मांडीला टेकून, पदराचं टोक चोखत एक चिमुरडी बसली होती.

"ही मी," प्राप्ती म्हणाली. ती खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकली. झटका आल्यापासून त्या घरात कुणी तो आवाज ऐकला नव्हता.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी लाखभर फोटो पोचवले असतील. पण त्या दुपारी मला जो अभिमान वाटला तो कधीच वाटला नव्हता. रचनाने माझ्या पाठीवरून अंगठा फिरवला. अगदी तिच्या बापासारखा.

निकेतच्या लग्नाचे फोटो काढायचं काम अर्थातच रचनाला मिळालं, आणि तिने मला आपल्या बॅगेत घेतलं. चकचकीत रीडरला म्हणाली, "तू पण चल, बघून घे." हळदीच्या दिवशी मी मांडवातल्या टेबलावर, लॅपटॉपशेजारी होतो. निकेतचे वडील, म्हणजे मैनाबायचा मुलगा धर्मा, ट्रकचा धंदा करतो. त्याने मोठे स्पीकर लावले होते. आईचा आवाज मिळाल्यापासून तोच सगळ्यात जास्त खूश होता. "आयचा धवला आयच्याच आवाजात वाजवू. साऱ्या गावाला ऐकू जाऊ दे!" असं सगळ्यांना सांगत फिरत होता.

मीही फुगून गेलो होतो. माझ्यातून निघालेला आवाज आता साऱ्या गावात घुमणार!

मैनाबायला खुर्चीवरून आणून हळदीच्या ताटापाशी बसवलं. धर्माने मोबाइल स्पीकरला जोडला. पहिला शब्द बाहेर पडला, आणि मैनाबायचा डावा हात वर झाला. तिने नकाराची मान हलवली. धर्माला वाटलं आवाज मोठा झाला, त्याने कमी केला. तिने पुन्हा हात वर केला. मग त्याच हाताने मोबाइल उचलला, उलटा करून जमिनीवर ठेवला आणि प्राप्तीकडे बोट दाखवलं. धर्माने स्पीकर बंद केला.

"मी?" प्राप्ती म्हणाली. "आजी, मला अजून नीट जमत नाही."

मैनाबायने तिचा हात ओढून तिला शेजारी बसवलं.

खरं सांगतो, क्षणभर माझा हिरमोड झाला. पण मग प्राप्ती गाऊ लागली. महिनाभर ती मोबाइल कानाशी धरून आजीच्या जुन्या आवाजामागे म्हणत होती आणि चुकलं की आजी डाव्या हाताने जमिनीवर चापट मारायची, हे तिने रचनाला सांगितलं होतं. आताही तसंच. चुकलं की चापट, बरोबर आलं की मान हलायची. देवांचं आवतण झालं. मग मिठागराचं सुरू झालं. थोरला वाफा. मधला वाफा. दोन जावांच्या भांडणात बांध घातलेला जावांचा वाफा. धर्माच्या बापाने एकट्याने उपसलेला गाळवाफा. एकेकाला बोलावणं जात होतं. मिठागर केव्हाच बुजलं होतं, त्या जागी आता कंटेनरचं आवार होतं, आणि धर्माचे ट्रक रोज तिथेच उभे राहायचे. पण कुठल्या ट्रकखाली कुठला वाफा आहे हे त्याला माहीत नव्हतं. बापाचं नाव आलं तसा तो स्पीकरच्या मागे गेला आणि तोंड फिरवून उभा राहिला. मिठागराच्या त्या अख्ख्या आवतणात मैनाबायची चापट एकदाही पडली नाही.

तेव्हा मला कळलं. माझं काम आवाज व्हायचं नव्हतंच. एका तोंडातला धवला दुसऱ्या तोंडापर्यंत पोचवायचा, आणि बाजूला व्हायचं. अशा कामाचा मला पूर्वीही अभिमान होता, आता तर दुप्पट आहे.

मित्रांनो, नव्या वस्तू जरूर घ्या. वाऱ्यावरून फोटो पाठवा, मजा करा. पण घरातल्या जुन्या डब्यांत, खोक्यांत एकदा डोकवा. एखादं कार्ड, एखादी कॅसेट, बंद पडलेला मोबाइल असेल. त्यात कुणाचा तरी आवाज दडलेला असेल. तो वाचणारं यंत्र मिळतंय तोवर उतरवून घ्या आणि एकाच जागी ठेवू नका. मशीन घाईघाईने पुसून टाकू का विचारेल, त्याला हो म्हणू नका. आणि जमलं तर तो आवाज स्वतःच्या गळ्यात घ्या, कारण तिथे ना गंज चढतो, ना वादळाचं पाणी शिरतं.

एक सांगायचं राहिलं. नवऱ्याला हळद लागल्यावर मैनाबायने हाताने खुणावून रचनाला बोलावलं आणि टेबलाकडे बोट केलं. रचनाने मला तिच्या मांडीवर ठेवलं. मैनाबायने हळदीत बोट बुडवलं, आणि मला त्या कार्डाचं बंद झालेलं तोंड आठवलं. पण तिने आधी मला उलटं केलं. माझी पाचही तोंडं आपल्या लुळ्या हाताच्या तळव्यावर टेकवून नीट झाकली, आणि मग पाठीवर हळदीचं एक बोट ओढलं.

रचनाने ते अजून पुसलेलं नाही.